क्रॉस कंपायलर : लिनक्सवर बसून विंडोजसाठी

प्रोग्रामरने लिहिलेली आज्ञावली संगणकाच्या प्रोसेसरला जशीच्या तशी कळत नाही. तिचे यंत्रभाषेत रूपांतर करणाऱ्या प्रणालीस कंपायलर म्हणतात. सर्वसाधारण कंपायलर ज्या यंत्रणेवर चालतो, तिच्यासाठीच आज्ञावली तयार करतो. क्रॉस कंपायलर चालतो एका यंत्रणेवर; त्याने तयार केलेली आज्ञावली मात्र दुसऱ्या यंत्रणेवर चालते. वॉशिंग मशीनमधील चिपवर कंपायलर चालविण्याइतकी स्मृती नसते. तिची आज्ञावली मोठ्या संगणकावरच तयार करावी लागते.

ही कल्पना जुनी आहे. १९७५ मध्ये बिल गेट्स आणि पॉल अॅलन यांनी ‘अल्टेअर ८८००’ या संगणकासाठी बेसिक भाषेची प्रणाली लिहिली, तेव्हा तो संगणक त्यांच्याजवळ नव्हता. हार्वर्ड विद्यापीठातील ‘पीडीपी-१०’ या संगणकावर अॅलन यांनी ‘८०८०’ प्रोसेसरची नक्कल उभी केली आणि काम पूर्ण झाले.

लिनक्स आणि विंडोज अनेकदा एकाच प्रकारच्या प्रोसेसरवर चालतात. मग वेगळा कंपायलर कशासाठी? कारण दोन्हींच्या फाइलींची रचना निराळी आहे. लिनक्सची चालविण्याजोगी फाइल ‘ईएलएफ’ पद्धतीची, तर विंडोजची ‘पीई’ पद्धतीची असते. फाइल उघडणे, पडद्यावर लिहिणे अशा कामांसाठी कार्यप्रणालीकडे करावयाची मागणीही वेगवेगळी असते.

लिनक्सवर असा कंपायलर बांधण्यासाठी ‘बिनयुटिल्स’, ‘जीसीसी’ आणि ‘मिंगडब्ल्यू-डब्ल्यू६४’ ही तीन मुक्त साधने लागतात. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८७ मध्ये खुला केलेला जीसीसी हा त्यातील मुख्य घटक. बांधणीचा क्रम महत्त्वाचा आहे. प्रथम बिनयुटिल्समधील असेंब्लर व लिंकर विंडोज हे लक्ष्य ठरवून तयार करतात. नंतर विंडोजच्या हेडर फाइली जागेवर ठेवतात. येथे एक पेच उद्भवतो : पूर्ण कंपायलरसाठी विंडोजची सी लायब्ररी हवी आणि ती लायब्ररी तयार करण्यासाठी कंपायलर हवा. म्हणून आधी जीसीसीचा केवळ गाभा बांधतात. त्याच्या साहाय्याने लायब्ररी तयार करतात आणि मग सी++ सह उर्वरित जीसीसी पूर्ण करतात.

कंपायलर तयार झाला, तरी सावधगिरी संपत नाही. ६४ बिटांच्या लिनक्सवर सी भाषेतील ‘लाँग’ हा संख्याप्रकार ८ बाइटचा असतो, तर ६४ बिटांच्या विंडोजवर तो ४ बाइटचाच असतो. हा फरक विसरल्यास आज्ञावली विनातक्रार तयार होऊ शकते आणि मोठी संख्या आल्यावर चुकीचे उत्तर देते. लिनक्सवर ‘वाइन’ या प्रणालीद्वारे प्राथमिक चाचणी घेता येते. अखेरची चाचणी मात्र प्रत्यक्ष विंडोजवरच घ्यावी.

एवढा खटाटोप वाया जात नाही. ‘व्हीएलसी’ या लोकप्रिय प्लेअरची विंडोज आवृत्ती याच पद्धतीने लिनक्सवर तयार करता येते. अनेक लिनक्स वितरणांत हा कंपायलर तयार स्वरूपातही मिळतो. ही साधने विनामूल्य असून त्यांचा स्रोत खुला आहे. त्यामुळे विंडोजसाठी आज्ञावली तयार करू पाहणाऱ्या विद्यार्थ्याला त्यासाठी विंडोज विकत घ्यावे लागत नाही.