विलायतेच्या वाटा आणि परतीची शिदोरी

परदेशी जाऊन आलेल्या माणसाचे व्याख्यान ठेवले की मंडप भरतो, हा सर्वच व्याख्यानमालांचा अनुभव आहे. वक्ता रोमची पडकी रंगभूमी सांगतो, आल्प्सचा बर्फ सांगतो, घड्याळाबरहुकूम सुटणारी आगगाडी सांगतो, आणि व्याख्यान संपले की मागच्या रांगेतून एखादे वृद्ध गृहस्थ हमखास विचारतात, "हे सगळे ठीक आहे, पण आमच्या बीड जिल्ह्याला याचा उपयोग काय?" प्रश्न खोचक वाटला तरी आम्हांला तो योग्यच वाटतो. त्याचे उत्तर इतिहासात शोधावे, एवढ्याच हेतूने हा विषय आम्ही घेतला आहे.

प्रवास ही मराठी माणसाला नवी गोष्ट नव्हे. नामदेव महाराज पंजाबापर्यंत गेले. काशीयात्रा करून आलेल्याच्या पाया पडण्यास सारा गाव जमत असे. अडचण होती ती समुद्राची. बौधायन धर्मसूत्राने समुद्रप्रवास पातकांत गणला आणि पुढे तो कलियुगात वर्ज्य मानिला गेला. असे असूनही १७८१ साली राघोबादादांचे वकील हणमंतराव हे ब्राह्मण गृहस्थ लंडनमध्ये होते. त्यांच्याबरोबर मणियार नावाचे पारशी पितापुत्र होते. लंडनात त्यांची राहण्याची आबाळ होत आहे हे एडमंड बर्क या पार्लमेंटच्या सभासदाने पाहिले आणि त्यांना आपल्या बेकन्सफील्डच्या मळ्यावर नेले. तेथे झाडे जोपासण्यासाठी काचेचे घर होते. ते त्याने या पाहुण्यांना स्वयंपाकासाठी मोकळे करून दिले. आपला आचार सांभाळून परक्या मुलखात राहता येते, आणि परक्या मुलखातही तो सांभाळू देणारा माणूस भेटतो, हे या प्रसंगावरून दिसते. परंतु राघोबादादांचे वकील ज्या कामासाठी गेले होते ते काम म्हणजे इंग्रजांची मदत मागणे. पाहुणचार उत्तम झाला, म्हणून राजकारण शहाणपणाचे होते असे नाही. प्रवासाचा हिशेब मांडताना या दोन रकमा वेगळ्या धरल्या पाहिजेत.

याहून मोठी आणि अधिक दुःखाची कथा रंगो बापूजी गुप्ते यांची. १८३९ साली इंग्रजांनी साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह महाराज यांना पदच्युत करून काशीस पाठविले. महाराजांची बाजू मांडण्यासाठी रंगो बापूजी विलायतेस गेले आणि १८५३ अखेरपर्यंत तेथेच झगडत राहिले. कल्पना करावी, साताऱ्याच्या दरबारी वातावरणात वाढलेला हा पुरुष. आणि त्याला कळून आले की या देशात एका राजाच्या पायाशी जाऊन न्याय मिळत नाही. कंपनीचे डायरेक्टर वेगळे, कंपनीचे भागीदार वेगळे, पार्लमेंट वेगळे आणि वर्तमानपत्रे वाचणारी जनता वेगळी. मग त्यांनी ती सारी दारे एकामागून एक ठोठावली. अर्ज लिहिले, पुस्तिका छापल्या, भागीदारांच्या सभेत साताऱ्याचा प्रश्न चर्चेस आणविला. जोसेफ ह्यूम, जॉर्ज थॉम्सन यांच्यासारखे इंग्रज त्यांच्या बाजूने बोलले.

पण निकाल पालटला नाही. १८४७ साली महाराज काशीस निवर्तले. १८४८ साली साताऱ्याचे राज्यच खालसा झाले. ज्याच्यासाठी भांडायचे तो धनी गेला, ज्या गादीसाठी भांडायचे ती गादी गेली, डोक्यावर कर्ज झाले. तरी रंगो बापूजी आणखी काही वर्षे तेथेच ठाण मांडून बसले. परत आल्यावर चारच वर्षांनी १८५७ चा वणवा पेटला. साताऱ्यास १७ जणांना देहदंड झाला, त्यांत त्यांचा पुत्र सीताराम होता. स्वतः रंगो बापूजी जे नाहीसे झाले ते इंग्रजांच्या हाती कधीच लागले नाहीत.

या चौदा वर्षांतून काय मिळाले? यावर दोन मते आहेत. एक म्हणते, सारे व्यर्थ. इंग्रजांच्या न्यायबुद्धीवर भरवसा ठेवणे हीच चूक. दुसरे म्हणते, सनदशीर चळवळीची सारी हत्यारे, म्हणजे अर्ज, सभा, छापखाना आणि लोकमत, त्यांनी काँग्रेसच्या जन्माआधी चाळीस वर्षे वापरून दाखविली. आमच्या मते दोन्ही मतांत तथ्य आहे. रंगो बापूजींना इंग्रजांची व्यवस्था अचूक कळली होती. पण ती व्यवस्था कोणाच्या हितासाठी उभी आहे, हे कळण्यास फार मोठी किंमत द्यावी लागली. दुर्दैव असे की त्यांचा हा अनुभव गावोगावच्या लोकांपुढे मांडला जावा अशी व्यासपीठेच तेव्हा नव्हती. न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने पुण्यास वसंत व्याख्यानमाला सुरू झाली ती १८७५ साली. १९४८ साली प्रबोधनकार ठाकऱ्यांचा ग्रंथ निघाला, तेव्हा पुष्कळ वाचकांना हे चरित्र प्रथमच सविस्तर कळले.

तिसरी गोष्ट नामदार गोखल्यांची. १८९७ साली वेल्बी कमिशनपुढे साक्ष देण्यासाठी ते विलायतेस गेले, तेव्हा वय अवघे तीस-एकतीस. हिंदुस्थानच्या खर्चाविषयी त्यांनी जी आकडेवार साक्ष दिली तिने जाणत्यांची दाद मिळविली. परंतु त्याच सुमारास पुण्यात प्लेगचा कहर चालू होता आणि घरे तपासणाऱ्या सोल्जरांच्या जुलमाची पत्रे पुण्याहून त्यांच्याकडे जात होती. स्त्रियांच्या अब्रूवर हात टाकल्याची गोष्ट त्या पत्रांच्या आधारे त्यांनी मँचेस्टर गार्डियन पत्राच्या प्रतिनिधीस सांगितली. परत येऊन पाहतात तो पुरावा देण्यास कोणी पुढे येईना, आणि पत्रे लिहिणाऱ्यांची नावे तर फोडता येईनात. अखेर गोखल्यांनी जाहीर आणि बिनशर्त माफी मागितली. त्यांच्यावर टीकेची झोड उठली. कित्येकांनी त्यांना भित्रे ठरविले.

येथेही वाद आहे. लोक जुलमाने गांजलेले असताना माफी मागणे म्हणजे सरकारला बळ देणे, हा आक्षेप आम्हांला पोरकट वाटत नाही. जुलूम झालाच नव्हता, असे त्या माफीने सिद्ध होत नाही. परंतु गोखल्यांनी स्वतःपुरता एक नियम घालून घेतला: परक्या देशात आपल्या देशाच्या वतीने बोलताना जे सिद्ध करता येईल तेवढेच बोलावे. पुढील आयुष्यात वरिष्ठ कायदेमंडळातील त्यांच्या अंदाजपत्रकावरील भाषणांना जो दरारा लाभला, त्याच्या मुळाशी ही पोळलेली जीभ होती असे आम्हांस वाटते.

स्त्रियांच्या प्रवासाचा विचार केल्यावाचून हा विषय पुरा होत नाही. पंडिता रमाबाई १८८३ साली इंग्लंडला गेल्या. तेथे त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, आणि महाराष्ट्र त्यांच्यावर रागावला. पण धर्म स्वीकारल्यावरही तेथील धर्मगुरूंचा शब्द त्यांनी मुकाट्याने मानला नाही, हे आपण विसरतो. आपल्या विवेकाचा निर्णय आपणच करणार, असे त्यांनी त्या मंडळींना पत्रांतून बजावले. पुढे अमेरिकेहून परत येऊन १८८९ साली त्यांनी मुंबईस शारदासदन काढले. त्या सदनाच्या पहिल्या विद्यार्थिनी पुढे धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी झाल्या. अण्णासाहेब कर्व्यांनी महिला विद्यापीठ काढले १९१६ साली, जपानमधील स्त्रियांच्या विद्यापीठाची माहितीपुस्तिका वाचून. आणि ते स्वतः युरोपला निघाले १९२९ साली, वयाच्या सत्तरीत! जिनिव्हा आणि एल्सिनोर येथील शिक्षण परिषदांना ते गेले, आपल्या प्रयोगाविषयी बोलले आणि संस्थेसाठी निधी मागितला. रंगो बापूजी दाद मागण्यास गेले होते. अण्णासाहेब आपले काम जगापुढे मांडण्यास गेले. या दोन प्रवासांत ८०-९० वर्षांचे अंतर आहे, आणि महाराष्ट्र तेवढा पुढे सरकला होता.

आमच्या मराठवाड्यापुरता मात्र सर्वांत मोलाचा हिशेब डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा आहे. १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने त्यांना लंडनचा अभ्यास अर्धा टाकून यावे लागले. त्यांचे ग्रंथ ज्या बोटीने येत होते ती महायुद्धात पाणतीराने बुडाली. १९२० साली पगारातील शिल्लक, शाहू छत्रपतींचे साहाय्य आणि मित्राचे कर्ज यांच्या बळावर ते पुन्हा गेले, ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात दिवसचे दिवस बसले आणि १९२३ मध्ये डी. एस्‌सी. झाले. त्याच पुरुषाने १९५० साली औरंगाबादेस महाविद्यालय उभे केले. तेथे आमच्या जिल्ह्यातील ज्या मुलांच्या घरी पूर्वी पाटीसुद्धा नव्हती, ती मुले शिकली. त्या वृद्ध गृहस्थांच्या प्रश्नाचे एक उत्तर हे आहे.

दुसरे उत्तर आम्हांला आमच्याच गावाकडे पाहून द्यावे लागते. निजामी अमलात येथे सभा भरविण्यासही सरकारी परवानगी लागे. अंबाजोगाईच्या शाळेत स्वामी रामानंद तीर्थांनी मुलांना शिकविले त्या काळी मोकळेपणाने बोलणे हेच धाडस होते. १९४८ नंतर ते भय गेले. येणाऱ्याने सांगावे, ऐकणाऱ्याने विचारावे, हा हक्क आम्हांला उशिरा आणि कष्टाने मिळाला आहे. म्हणून विलायतेहून आलेल्या वक्त्याला केवळ टाळ्या देऊन पाठवू नये. तेथील रस्ते स्वच्छ, हे त्याने सांगितले तर ते झाडतो कोण, त्याला पगार काय आणि त्याला मान मिळतो काय, हेही विचारावे. तेथील ग्रामपंचायत पाण्याचा हिशेब कसा ठेवते, हे आमच्या दुष्काळी तालुक्यांना चित्रांतल्या राजवाड्यांपेक्षा अधिक कामाचे आहे.

आणि एक गोष्ट आम्हीही लक्षात ठेवावी. दसरा झाला की या जिल्ह्यातील लक्षावधी माणसे कोयते घेऊन ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. सहा-सहा महिने परमुलखात राहून तीही परत येतात. पाटाच्या पाण्याने गाव कसे बदलते, कारखाना कोणाला श्रीमंत करतो, मुकादमाची उचल कशी फिटत नाही, हे त्यांनी जवळून पाहिलेले असते. त्यांना आम्ही कधी व्यासपीठावर बोलाविले आहे काय? पुढील वर्षीच्या मालेत एक संध्याकाळ युरोप पाहून आलेल्याला द्यावी आणि दुसरी फडावरून परतलेल्या एखाद्या बाईला द्यावी, आणि दोघांनाही तितकेच प्रश्न विचारावेत, अशी आमची चालकांना विनंती आहे.