वसईच्या खाडीकांठचा विसांवा

ह्या स्मरणिकेंत देवळाचा, धर्मगुरूंचा व शाळांचा वृत्तांत इतरत्र येईलच. आम्हीं येथें निराळाच विषय घेतला आहे, आणि तो कांहीं वाचकांस किरकोळ वाटण्याचा संभव आहे. हवापालटासाठीं लोक आपल्या खाडीकांठीं केव्हांपासून येऊं लागले, आणि ते विसांवा घेत असतां येथील माणसें काय करीत होतीं, हा तो विषय होय.

उल्हास नदी सह्याद्रींतून उतरून ठाण्याजवळ दुभंगते. तिचा एक फांटा दक्षिणेस मुंबई बंदराकडे वळतो. दुसरा घोडबंदरावरून पश्चिमेस येऊन वसईजवळ समुद्रास मिळतो. ह्या दुसऱ्या फांट्याच्या उत्तर तीरावर नायगांव, वसईचा किल्ला व पाचूबंदर. दक्षिण तीरावर भाईंदर, आणि मुखापाशीं चौक, पाली व उत्तन हे कोळीवाडे. मध्यें पाणजू बेट. उत्तनच्या खालीं गोराई-मनोरीची वाळू, तर वसईच्या वर भुईगांव, कळंब, राजोडी करीत अर्नाळ्यापर्यंतचा सुरूंच्या झाडांचा किनारा. मुंबईकर ज्यास 'खाडीकडे जाणें' म्हणतात तें बहुतेक एवढ्या टापूंतच असतें.

गुजरातचा सुलतान बहादुरशहा यानें १५३४ सालीं वसई पोर्तुगीजांस दिली व १५३६ पासून नुनो द कुन्हा याच्या कारकीर्दींत किल्ल्याचें काम सुरू झालें. पुढें दोनशें वर्षें हें नगर उत्तर कोंकणांतील पोर्तुगीज सत्तेचें मुख्य ठाणें होतें. तटाच्या आंत मठ, देवळें व सरदारांचे वाडे दाटीनें उभे राहिले. परंतु ह्या सरदारांस उन्हाळ्यांत तटाच्या आंत राहणें आवडत नसे, व त्याची साक्ष एका प्रवाशानें लिहून ठेविली आहे.

नेपल्सच्या राज्यांतील जेमेल्ली कारेरी हा कायदेपंडित पृथ्वीप्रदक्षिणेस निघाला असतां १६९५ सालीं वसईस आला. गृहस्थ चौकस होता. कायद्याचा पदवीधर वसईस आला आहे असें समजतांच येथील मंडळींनीं त्यास मठांची वकिली व एक श्रीमंत स्थळ अशीं दोन्ही देऊं केलीं. पण उष्ण देशांत राहण्याची आपणांस हौस नाहीं, असें सांगून त्यानें तीं नाकारलीं! (वसईच्या उन्हाळ्याविषयीं ह्यापेक्षां प्रामाणिक अभिप्राय आमच्या वाचनांत नाहीं.) तोच सांगतो कीं, शहराबाहेर 'कसाबो' नांवाच्या भागांत पंधरा मैलपर्यंत बागाच बागा आहेत, माड, आंबे व ऊंस यांनीं तो प्रदेश भरलेला आहे, आणि तेथें सर्व बड्या घराण्यांचे विश्रामबंगले असून ऐन उन्हाळ्यांत तीं कुटुंबें थंड हवेसाठीं तेथें जातात. ह्याशिवाय त्यानें आणखी एक कारण दिलें आहे. त्या काळीं उत्तर किनाऱ्यावरील शहरांत गांठीच्या रोगाची भयंकर साथ असे. थोड्या तासांत माणूस जाई. वसईचा कांहीं भाग त्यामुळें ओस पडला होता. तेव्हां आमच्या खाडीकांठच्या हवापालटाचें मूळ केवळ चैनींत नाहीं; तें मृत्यूच्या भयांतही आहे.

त्या बागा कसणारे मुसलमान, हिंदू व ख्रिस्ती होते, असें कारेरी जातां जातां लिहितो. त्यांचीं नांवें त्यानें दिलेलीं नाहींत, व तीं कोणी दिलींही नसतीं. पण ह्या एका वाक्यासाठीं आम्ही त्याचे ऋणी आहों. कारण ऊन जेव्हां अति होतें तेव्हां बंगल्यांत निजणारा निजतो, आणि रहाटावर बसणारा त्याच उन्हांत बागेस पाणी पाजीत असतो.

१७३९ च्या मे महिन्यांत चिमाजी अप्पांच्या सैन्यापुढें वसई पडली. तहान्वये पोर्तुगीज शिबंदी सन्मानानें बाहेर पडली व मागें राहणाऱ्या ख्रिस्ती लोकांस आपला धर्म पाळण्याची मोकळीक मिळाली. सरदार गेले, त्यांच्या बंगल्यांचा आज मागमूसही सांपडत नाहीं. रहाटवाले राहिले. आगाशीचीं पानें, राजेळी केळीं व उन्हांत वाळविलेलीं सुकेळीं यांचें नांव मुंबईच्या बाजारांत झालें तें त्यांच्याच वंशजांच्या हातून.

त्यानंतर कांहीं काळ ही खाडी दोन राज्यांची सीमा झाली. १७७४ अखेर इंग्रजांनीं ठाणें व साष्टी घेतली. १७८० सालीं जनरल गॉडर्डनें वसईही घेतली, परंतु सालबाईच्या तहानें १७८२ सालीं ती मराठ्यांकडे परत गेली, साष्टी मात्र इंग्रजांकडेच राहिली. उत्तनचा कोळी समोरच्या तीराकडे पाही तो परराज्याकडे पाही, असे ते दिवस होते.

१८६४ सालीं आगगाडीचा रस्ता खाडीवरील पुलांवरून मुंबईस पोंचला आणि सर्वच पालटलें. १८९६ मध्यें मुंबईच्या मांडवी भागांत ग्रंथिक ज्वर उद्भवला. तो प्रथम ओळखणारे डॉ. अकासियो व्हिएगस हे गोव्याचे ख्रिस्ती गृहस्थ होते. लाखों लोक शहर सोडून निघाले. बांद्र्याच्या गल्ल्यांतील कित्येक क्रूस त्याच काळची आठवण देत उभे आहेत. कारेरीच्या वेळचेंच भय दोनशें वर्षांनीं पुन्हां दारांत आलें. पुढें साथ ओसरली, पण मोकळ्या हवेची संवय राहिली. नोकरीनिमित्त मुंबईस गेलेलीं आपलीं मुलें मे महिन्यांत आंब्यांच्या व लग्नांच्या दिवसांत घरीं येऊं लागलीं, आणि त्यांच्यामागून त्यांचे स्नेहीसोबती.

आतां मे महिना आपल्याकडे कसला महिना आहे, हें पाहावें. भाईंदरच्या मिठागरांत पावसापूर्वी मिठाचे ढीग रचून ते झांकावयाचे असतात. घरोघरीं मिरच्या वाळवून वर्षाचा मसाला कांडावयाचा व बाटल्यांत ठासून भरावयाचा असतो. कोळीवाड्यांत बोंबील व जवळा सुकवून ठेवण्याची शेवटची घाई असते. पाहुण्यास जो किनारा रिकामा दिसतो तें कोळणीचें खळें होय. बांबूंच्या वलांड्यांवर एकमेकांच्या तोंडांत तोंड अडकवून टांगलेले बोंबील पाहून कित्येक जण छायाचित्र घेतात व नाकाला रुमाल लावतात. हीं दोन्ही कामें एकाच वेळीं साधणें हें मुंबईकराचेंच कौशल्य.

डोलीची मासेमारीही समजून घेण्याजोगी आहे. डोल म्हणजे समुद्रांत रोंवलेल्या खुंटांस बांधलेली लांब जाळ्याची पिशवी. तिचें तोंड प्रवाहाकडे असतें व पाणीच मासळी आंत आणून घालतें. उधाणाच्या दिवसांत प्रवाह जोराचा, भांगाच्या दिवसांत मंद. म्हणून कोळ्याचें वेळापत्रक चंद्रावर चालतें. पाणी मध्यरात्रीं वळलें तर मध्यरात्रींच जाळें उपसावें लागतें.

अलीकडे ह्या किनाऱ्यावर गर्दी फार वाढली आहे. २०२४ पासून भाईंदर-वसई अशी मोटारी वाहून नेणारी नौकाही सुरू झाली व खाडी ओलांडणें खेळ झाला. येणाऱ्यांत आपलीच माणसें पुष्कळ असतात, म्हणून स्पष्ट लिहितों. वाळूवर मोटारी फिरवितात; फुटलेल्या बाटल्या टाकून जातात, आणि त्या काचा अंधारांत होडीकडे जाणाऱ्याच्या पायांत जातात. त्याहूनही मोठा प्रश्न जागेचा. मासळी वाळविण्याच्या जमिनी पिढ्यान् पिढ्या वहिवाटीच्या आहेत. एकेक बंगला, एकेक उपाहारगृह उभें राहिलें कीं वलांड्या तेवढ्या मागें सरतात. आणि कोळीवाड्याच्या मागें बहुधा सरावयास जागाच नसते. सरदारांचे बंगले गेले व बागा राहिल्या. ह्या खेपेस त्याच्या उलट होऊं नये, ही आम्हांस काळजी आहे.

कोळ्यांचा विसांवा मात्र निराळ्या ऋतूंत येतो. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांस समुद्रांत जाण्याची सरकारी बंदी असते. तेव्हां पाचूबंदर व उत्तन येथें होड्या वर ओढून झांकलेल्या असतात, ओसरीवर म्हातारे जाळीं विणीत बसलेले असतात, आणि पडत्या पावसांत किनाऱ्यावर एकही पाहुणा नसतो. ऑगस्टच्या आरंभीं होड्यांस रंग लागतो, धर्मगुरू येऊन त्यांस आशीर्वाद देतात, व पहिल्या पाण्याबरोबर त्या खाडीच्या मुखांतून बाहेर पडतात.