यवतचा थांबा

यवतला कुणी मुद्दाम येत नाही, यवत वाटेत लागतं. पुण्याहून सोलापूरच्या रस्त्यानं चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर आलं की गाव लागतं, आणि मोटारीतल्या माणसाच्या ते ध्यानात येईतो मागंही पडतं. माझं दुचाकी दुरुस्तीचं दुकान याच हमरस्त्याला आहे. कोण थांबतंय आणि कशापायी थांबतंय, याच्यावर माझं पोट. म्हणून मला कायम वाटत आलंय की या गावाचा इतिहास राजेरजवाड्यांनी कमी आणि वाटसरूच्या दमानं जास्त घडवला. पायी माणूस, घोडा, इंजिन, ज्याचा दम जिथं संपला तिथं मुक्काम.

पायी माणसाचा हिशेब पालखीत दिसतो. तुकाराम महाराजांचे धाकटे चिरंजीव नारायणमहाराज यांनी १६८५ साली देहूहून पालखी सोहळा सुरू केला. आज पुण्याचा मुक्काम हलला की पहिली रात्र लोणी काळभोरला, दुसरी यवतला, तिसरी वरवंडला. लोणी ते यवत ही चाल लांबलचक, पंचविसेक किलोमीटरची. संध्याकाळी वारकरी गावात शिरतात तेव्हा पायांत काही उरलेलं नसतं. काळभैरवनाथाच्या देवळात पालखी विसावते आणि पिठलं-भाकरी मिळते. भाकरी घरोघरच्या, पिठलं देवळाजवळ मोठाल्या कढयांत घोटलेलं. त्या दिवशी सकाळपासून गल्ल्यागल्ल्यांत भाकरी थापल्याचा आवाज असतो. पक्वान्नाचा बेत केला असता तर इतका लौकिक झाला नसता, असं माझं मत आहे. दमलेल्या माणसाला पिठलंच लागतं.

मागच्या थंडीत आम्ही जुने मित्र रविवारी गाड्या काढून निघालो. एकाची राजदूत, एकाची येझदी, गुरुजींची स्प्लेंडर आणि गुऱ्हाळवाल्या मित्राची कोरी बुलेट. अंधारातच भुलेश्वरच्या डोंगराला लागलो. देऊळ यादवकाळातलं, काळ्या दगडाचं. बाहेरून गढीसारखं बंद आणि आत कोरीवकामानं भरलेलं. स्त्रीरूपातला गणपती तिथं आहे आणि चेहरे फोडलेल्या मूर्तीही पुष्कळ आहेत. गुरुजी मूर्तींपाशी रमले, मी तटाकडं गेलो. १६३० च्या सुमारास आदिलशाहीचा सरदार मुरार जगदेव यानं पुणं जाळलं आणि गाढवांचा नांगर फिरवला, हे शाळेत सगळ्यांनी वाचलेलं. त्यानं पुण्यावर वचक ठेवायला दौलतमंगळ किल्ला बांधला तो याच डोंगरावर, हे फारसं कुणाला ठाऊक नसतं. पुण्यावर वचक ठेवायचा तर इतक्या लांब का? वर उभं राहिलं की कळतं. खाली उत्तरेला सगळी वाट उघडी पडते. पुण्याकडून निघालेली घोडी इथून दिसल्याशिवाय पुढं सरकणार नाहीत.

तिथूनच आमच्या भागाचा पैसा कुठून आला तेही दिसतं. दक्षिणेला पुरंदर तालुक्याचं कोरडं रान, उत्तरेला हिरवा पट्टा. खडकवासल्याचं धरण १८७९ च्या सुमारास पुरं झालं आणि मुठेचा उजवा कालवा हवेलीतून दौंडकडं आला. पाण्यामागून ऊस आला, उसामागून गुऱ्हाळं. काहिलीतला रस कधी उतरवायचा हे गुळव्या नुसत्या बुडबुड्यांवरून सांगतो. घडीभर चुकला तर ढेप बसत नाही. पलीकडं उरुळीकांचनला १९४६ साली गांधीजींनी निसर्गोपचार आश्रम काढला, तो मणिभाई देसाईंनी चालवला, आणि त्यांनीच १९६७ साली बाएफ ही संस्था उभी करून संकरित गाईंचं काम पसरवलं. ऊस आणि दूध या दोन पैशांवर इकडच्या शेतकऱ्यानं मोटारसायकल घेतली. हौस म्हणून घेतली असं कुणी समजू नये. दोन बाजूंना दुधाचे कॅन, मागं बायको, टाकीवर पोरगं, असा तो संसार होता.

आणि ती गाडी यवतला थांबायची, कारण तिला थांबावंच लागायचं. राजदूत ही पोलंडच्या गाडीवरून एस्कॉर्ट्सनं काढलेली, पावणेदोनशे सीसीची टू-स्ट्रोक. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून घालायचं. कंजूष माणूस ऑइल कमी घालायचा आणि मग माझ्याकडं यायचा. उन्हाळ्यात समोरून वारा, गाडीवर ओझं, की इंजिन तापून आवाज बदलतो. जाणत्याला तो लगेच कळतो. न कळलं तर पिस्टन बोअरला धरतो आणि मागचं चाक जागच्या जागी जाम होतं. तेव्हा क्लच दाबायचा, गाडी सावलीला घ्यायची, प्लग खोलून त्या भोकातून चमचाभर ऑइल सोडायचं आणि बसून राहायचं. घाई करून किक मारली की पिस्टनवर ओरखडे. निवाली की हळूहळू किक दाबत मोकळी करायची. तेवढ्यात चहा, भजी, ओळखीपाळखी. सोयरिकीसुद्धा जुळलेल्या मी पाहिल्यात. १९८५ साली हिरो होंडाची सीडी १०० आली. फोर-स्ट्रोक, ऑइल वेगळं, पेट्रोल थोडं. तिच्या पोटात दिवसभराचा दम होता, आणि तिथून आमच्या रस्त्याकडेच्या थांब्याला ओहोटी लागली. आमच्या येझदीवाल्यानं त्या दिवशीही डोंगर उतरल्यावर गाडी निववायला घेतली तेव्हा बुलेटवाला हसला. मी नाही हसलो.

इंजिनाचंच म्हणाल तर रेल्वे या मोटारसायकलींच्याही आधीची. पुणे-दिक्सळ लोहमार्ग १५ डिसेंबर १८५८ रोजी सुरू झाला. यवत त्याच मार्गावर. गंमत म्हणजे तेव्हा बोरघाट व्हायचा होता. तो १८६३ साली झाला. तोवर मुंबईच्या उतारूला खोपोलीहून खंडाळ्यापर्यंत पालखी, तट्टू नाहीतर पाय. म्हणजे मुंबई-पुणे सलग रेल्वे होण्याच्या साडेचार वर्षं आधी आमच्या रानातून आगगाडी धावत होती.

डोंगर उतरून आम्ही केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनवरून पुढं गेलो, पारगावला भीमा ओलांडली आणि शिरूर तालुक्यात शिरलो. हा सगळा घोड्यांचा मुलूख. दौंड आणि बारामती हे तालुके पूर्वी मिळून भीमथडी. भीमाकाठचं तट्टू दिसायला काही नाही, खुजं आणि हाडकुळं. पण कडब्यावर भागवणारं, चढ-उताराला न दमणारं. मराठ्यांची फौज त्याच्यावर लांब पल्ले मारत गेली. राज्यगीतात त्याला मान मिळाला तो काही यमकापुरता नाही. शिरूर तालुक्यात आलेगाव पागा नावाचं गाव आहे. कंपनी सरकारनं तिथं घोड्यांच्या पैदाशीचं ठाणंही चालवलं होतं. शिरूरच्या छावणीत त्यांचं घोडदळ होतं, १८१७ साली उभं राहिलेलं पूना हॉर्स. ज्या तट्टांवर मराठे लढले त्यांच्यापेक्षा उंच, देखणा घोडा साहेबाला हवा होता. तट्टाचं महत्त्व गेलं ते असं. रणात हरून नव्हे, मोजपट्टीत कमी भरून.

दुपारी उन्हाच्या तडाख्यात दौंड गाठलं, तिथून पेडगावला. भीमेच्या काठचा बहादूरगड, मोगल सुभेदार बहादूरखानाची छावणी. १६७४ साली, राज्याभिषेकानंतर महिना-दीड महिन्यात, शिवाजीराजांच्या दोन हजार स्वारांनी खानाला हुलकावणी देऊन छावणीपासून लांब ओढलं, आणि दुसऱ्या वाटेनं आलेल्या सात हजारांनी मागं छावणी लुटली. कोटभर रुपये आणि दोनशे उत्तम घोडे. वेड पांघरून पेडगावला जाणं म्हणतात ते यावरून, असं इकडं कुणालाही विचारा. पुढं १६८९ साली याच जागी संभाजीराजांना धरून आणलं. तिथं आमच्यातलं कुणी फार बोललं नाही, गुरुजींनी गाडी आधी बाहेर काढली.

परतताना पाटसच्या अलीकडं मेंढरांचा वाडा लागला. धनगराच्या तट्टाच्या पाठीवर भांडी, घोंगड्या, वर दोन कोंबड्या पाय बांधून ठेवलेल्या. भीमथडी ही घोड्यांची स्वतंत्र जात म्हणून सरकारी संस्थेनं अलीकडं नोंदवली, आणि ती जगवली या भटक्या धनगरांनी. येझदी पुन्हा तापली होती म्हणून आम्ही तिथंच थांबलो. म्हातारबुवा गाडीभोवती फिरले.

"किती देती?"

"पंचवीस, बाबा."

"अन् वाटंत बसून राहती व्हय अशी?"

"तापती ना."

त्यांनी तट्टाचा कासरा सोडला, त्याला बांधाच्या गवताकडं लावून दिलं आणि तंबाखू काढली. "बसा मग," म्हणाले. "ह्येलाबी चरायचंय."