अत्यल्प मात्रा फवारणी यंत्र
संहत, म्हणजे पाणी न मिसळलेले तेलयुक्त कीटकनाशक हेक्टरी सुमारे ५ लिटरांहून कमी मात्रेत पिकावर पसरविणारे साधन. याच्या हातात धरावयाच्या प्रकारात दांड्याच्या टोकाशी बॅटरीवर चालणारी, कडेला बारीक दाते असलेली तबकडी मिनिटाला हजारो फेरे घेते आणि बाटलीतून तिच्यावर ओघळणारा द्रव केंद्रोत्सारी प्रेरणेने दात्यांवरून सुटून त्याचे ५० ते १०० मायक्रोमीटर व्यासाचे, बहुतांशी सारखे थेंब होतात. पाण्याचे एवढे सूक्ष्म थेंब वाटेतच सुकले असते. पश्चिम आफ्रिकेतील पाणीटंचाईच्या कापूसपट्ट्यात ही पद्धत रुजली, तर भारतात वाहनांवर बसविलेली अशी यंत्रे मुख्यतः राजस्थान व गुजरातमध्ये टोळांविरुद्ध वापरली जातात. वारा पडल्यास फवारा पसरत नाही. शिवाय औषध तीव्र असल्याने चालकाने वाऱ्याला आडवे चालत, प्रत्येक फेरीला वारा जिकडून येतो त्या दिशेकडे सरकणे अत्यावश्यक ठरते, अन्यथा फवारा त्याच्याच अंगावर येतो.