फेंगशुईतली सुई कुठे गेली?

दिवाळीला घरी गेले तर आजीचा पलंग जागेवर नव्हता. गेली अकरा वर्षं तो खिडकीला लागून होता. तिथून तिला खालचा रस्ता दिसायचा, भाजीवाला दिसायचा, शाळा सुटलेली पोरं दिसायची. आता पलंग आतल्या भिंतीला, लोखंडी कपाटाशेजारी. खिडकीत सात नळ्यांचं विंड चाइम, आणि बाहेरच्या खोलीत काचेच्या भांड्यात बांबू.

झालं असं होतं, की बाबांच्या आजारपणानंतर आईने एक सल्लागार बोलावला होता. पाटीवर 'वास्तु व फेंगशुई' असं दोन्ही लिहिणारा. त्याने मोबाइलमधलं होकायंत्र उघडून घरभर फिरवलं आणि 'ऊर्जा खिडकीतून निघून जातेय' असं निदान केलं.

आता माझी अडचण समजून घ्या. मी पुराचुंबकत्वात पीएचडी करते. म्हणजे जुन्या भट्ट्यांचे, चुलींचे भाजलेले तळ प्रयोगशाळेत मोजायचे. माती तापून थंड होताना तिच्यातले लोहकण त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा धरून बसतात. ती दिशा शोधायची. थोडक्यात, सुई हजार वर्षांपूर्वी कुठे बघत होती, हा माझा रोजचा प्रश्न. आणि या प्रश्नाची जुन्यातली जुनी लेखी उत्तरं शोधायला गेलं की माणूस थेट फेंगशुईवाल्यांच्या दारात जाऊन उभा राहतो. त्यामुळे आईशी मला नीट भांडताही येईना.

तर पहिली गोष्ट. फेंगशुई मुळात घरासाठी नव्हती, निदान मुख्यतः नव्हती. ती होती मेलेल्यांसाठी. फेंग म्हणजे वारा, शुई म्हणजे पाणी. ही जोडी ज्या ग्रंथातून आली असं मानतात त्याचं नाव 'झांगशू', म्हणजे दफनाचा ग्रंथ. तो क्वो पू (इ. स. २७६ ते ३२४) याच्या नावावर सांगितला जातो, प्रत्यक्षात तो बराच नंतरचा असावा असं अभ्यासक म्हणतात. त्यातली कल्पना अशी: जमिनीखालून 'ची' वाहतं, वाऱ्याने ते विखुरतं, पाण्यापाशी अडतं. (मूळ उच्चार 'छी'च्या जवळचा आहे, पण मराठीत तसं लिहायला माझा हात धजत नाही.) पूर्वजांची हाडं अशा साठलेल्या 'ची'मध्ये ठेवली की वंशजांचं भलं होतं. डोंगर पाठीशी, पाणी समोर, दोन्ही बाजूंना टेकड्यांचे हात. जिवंत माणसांच्या घरांचाही विचार व्हायचा, पण पैसा, भांडणं आणि झोप उडणं हे सगळं कबरीच्या जागेवरून.

किती झोप उडायची, हे सिमा ग्वांगने लिहून ठेवलंय. अकराव्या शतकातला सोंग राजवटीचा हा मोठा मंत्री आणि इतिहासकार. दफनावरच्या एका निबंधात तो चिडून सांगतो, की मुहूर्त आणि जागा जुळत नाही म्हणून लोक वर्षानुवर्षं आईवडिलांना पुरतच नाहीत. मग स्वतःच्या घरची गोष्ट सांगतो. त्यांच्या घरात दफनाची वेळ आली तेव्हा नातेवाईक म्हणाले, जाणकार बोलावल्याशिवाय चालणार नाही. थोरल्या भावाने गावातलाच एक जाणकार गाठला. त्याची एरवीची दक्षिणा असेल हजार नाणी. भाऊ म्हणाला, वीस हजार देतो, पण जागा, दिवस, खोली सगळं मी सांगेन तेच तू सांगायचं; जमत नसेल तर दुसरा बघतो. जाणकाराने पोथी उघडली आणि भावाने ठरवलेलं सगळं अति उत्तम असल्याचा निर्वाळा दिला. नातेवाईक खूश. आणि निबंध लिहिताना सिमा ग्वांग मुद्दाम नोंदवतो: भाऊ एकोणऐंशी वर्षांचा आहे, मी सहासष्टचा, दोघेही मोठ्या पदाला पोचलो.

ही गोष्ट लक्षात ठेवा.

याच सिमा ग्वांगचा समकालीन शन क्वो. खगोल, गणित, औषधं, पूल, काय वाट्टेल ते लिहिणारा माणूस. १०८८च्या सुमाराच्या त्याच्या टिपणवहीत एक छोटी नोंद आहे, आणि आमच्या विषयात ती सोन्याच्या मोलाची आहे. गूढविद्येचे जाणकार लोहचुंबकावर सुईचं टोक घासतात, मग ती दक्षिण दाखवते, असं तो सांगतो. पुढे म्हणतो, की ती नेमकी दक्षिणेला थांबत नाही, थोडी पूर्वेला सरकलेली असते. मग सुई कशी ठेवायची याचे प्रकार: पाण्यावर तरंगती, नखावर, वाडग्याच्या काठावर, पण सर्वांत चांगली म्हणजे रेशमाच्या एका तंतूला मेणाने चिकटवून, वारा नसेल तिथे टांगलेली. कुणीतरी हे स्वतःच्या हाताने करून बघितलंय, हे वाचताक्षणी कळतं.

भूगोलाची उत्तर आणि सुईची उत्तर यांतल्या कोनाला दिक्पात म्हणतात. सुईचं दक्षिण टोक पूर्वेला म्हणजे उत्तर टोक पश्चिमेला. आज बीजिंगमध्येही ते सुमारे ७ अंश पश्चिमेलाच असतं. मुंबईत दिक्पात एका अंशाहूनही कमी आहे, म्हणून आपल्याला हा प्रकार सहसा जाणवत नाही. युरोपात याची नोंद मिळते पंधराव्या शतकात. म्हणजे शन क्वो चारशे वर्षं आधी. जहाजावर सुई वापरल्याचा चिनी उल्लेखही त्याच्यानंतरचा, १११९च्या आसपासचा. खलाशांच्या आधी ही सुई जमिनीवर वापरात होती आणि तिला जपणाऱ्यांत कबरीच्या जागा ठरवणारे होते, असं बहुतेक अभ्यासक मानतात. मला हे पटतं. खलाशाचं पाचसात अंशांनी फारसं अडत नाही, किनारा दिसला की तो सुधारून घेतो. कबर एकदा खोदली की खोदली.

त्यांचं यंत्र म्हणजे 'लुओपान'. मधे छोटी सुई आणि भोवती वर्तुळांवर वर्तुळं. त्यात २४ दिशांचं एक वर्तुळ असतं, प्रत्येक घर १५ अंशांचं. गंमत अशी की अनेक लुओपानांवर हेच वर्तुळ तीनदा असतं: एक सरळ, एक साडेसात अंश एका बाजूला सरकवलेलं, एक तितकंच दुसऱ्या बाजूला. जोसेफ नीडहॅम यांनी चिनी विज्ञानाच्या इतिहासात असं मांडलं, की ही सरकलेली वर्तुळं म्हणजे वेगवेगळ्या शतकांतल्या दिक्पाताच्या खुणा आहेत. क्षेत्र बदललं, जाणकारांनी नवं वर्तुळ घातलं, पण परंपरेने आलेलं जुनं पुसायची हिंमत केली नाही. कल्पना मोहात पाडणारी आहे. पहिल्या वर्षी वाचली तेव्हा मी रात्रभर तेच बोलत होते (रूममेट साक्षीला आहे). आता मला शंका येते. साडेसात म्हणजे पंधराचं बरोब्बर अर्धं. निसर्ग इतका नीटनेटका क्वचितच असतो. आकड्यांच्या हौसेतूनही हे येऊ शकतं. भट्ट्यांच्या तळांवरून मिळालेल्या दिशा शेजारी ठेवूनच याचा निकाल लागेल.

एकोणिसाव्या शतकात युरोपीय लोकांनी फेंगशुईची जी ओळख करून घेतली ती रागारागात. तारेचे खांब उपटले जात, खाणी अडत, आणि कारण सांगितलं जाई फेंगशुईचं. शांघायजवळची वूसोंग रेल्वे १८७६ मध्ये सुरू झाली. पुढच्याच वर्षी चिनी सरकारने ती विकत घेऊन उखडून टाकली. 'अंधश्रद्धा' म्हणून हा किस्सा अजून सांगतात. त्यात हे सांगायचं राहतं, की परकीय कंपनीने साध्या रस्त्याच्या नावाखाली परवानगीशिवाय रूळ टाकले होते. ट्रिस्टन ब्राउन यांचं २०२३चं पुस्तक या बाबतीत डोळे उघडणारं आहे. सिचुआनमधल्या नानबू जिल्ह्याची जुनी कोर्टाची कागदपत्रं त्यांनी वाचली. झाडतोड, खोदकाम, शेजाऱ्याचं अतिक्रमण अशा भांडणांत लोक कबरींचे नकाशे घेऊन येत आणि फेंगशुईच्या भाषेत दाद मागत, न्यायाधीशही ती ऐकत. हाँगकाँगच्या गावांमागे राखलेली फेंगशुई वनं आजही शंभराहून जास्त आहेत. आपल्याकडे देवराया ज्या धाकाने टिकल्या, साधारण त्याच जातीचा धाक.

मग 'ऊर्जा' कुठून आली? १८७३ मध्ये फेंगशुईवर छोटं पुस्तक लिहिणारा मिशनरी आयटेल 'ची'ला निसर्गाचा श्वास म्हणत होता. एनर्जी हा शब्द चिकटला तो मुख्यतः गेल्या पन्नासेक वर्षांत, अमेरिकेत. लिन युन नावाचे गुरू तिथे आले, १९८०च्या दशकात बर्कलीत त्यांचं मंदिर झालं. त्यांची शिष्या सारा रॉसबाक हिचं १९८३चं पुस्तक गाजलं. या पंथाने एक सोय केली: घराच्या नकाशावर नऊ चौकोन टाकायचे आणि ते दारावरून लावायचे. दारातून आत पाहिलं की डावीकडचा लांबचा कोपरा पैशाचा, उजवीकडचा लग्नाचा. उत्तर कुठेही असो. कबरी गेल्या, डोंगर गेले, आणि सुईसुद्धा गेली! फ्लॅटमध्ये राहणाऱ्याला बेताचं सुटसुटीत रूप. १९९०च्या दशकात वास्तुशास्त्राच्या लाटेबरोबर आपल्या दुकानांत लाफिंग बुद्ध आणि तीन पायांचा बेडूक आला, तो बराचसा याच घराण्यातला. आणि तो 'लकी बांबू' बांबू नाहीच, आफ्रिकेतली ड्रसीना आहे.

आमचा सल्लागार निदान होकायंत्र वापरत होता, म्हणजे जुन्या वळणाचा म्हणायचा. मी त्याच्याच जागेवर उभी राहून मोबाइल धरला. पृथ्वीचं क्षेत्र आपल्याकडे ४० मायक्रोटेस्लाच्या आसपास, म्हणजे तसं दुबळंच. कपाटापासून हातभर अंतरावर उत्तर १८ अंशांनी फिरली. भिंतीजवळ पुन्हा वेगळी. आत लोखंडी सळ्या आहेत. आईला बोलावून दाखवलं. तिने शांतपणे पाहिलं आणि म्हणाली, "असेल. पण हे केल्यापासून बाबांचे रिपोर्ट बरे आलेत ना?" यावर माझ्याकडे आलेख नव्हता. आणि आजी काही बोलतच नव्हती. दुपारी भिंतीकडे तोंड करून पडलेली असायची.

शेवटी मी सिमा ग्वांगच्या भावाचा रस्ता धरला. सल्लागाराला फोन केला, पुन्हा येण्याचे पैसे माझ्या स्टायपेंडमधून देईन म्हटलं, आणि पलंग खिडकीशी हवा हेही सांगून टाकलं. तो जराही गडबडला नाही. "बघू ना मॅडम, काहीतरी निघेल." रविवारी आला, मोबाइल फिरवला आणि आईला म्हणाला की विंड चाइममुळे आता खिडकी सुरक्षित झाली आहे, वृद्ध व्यक्तीला तिथेच लाभेल.

आईला मी हे अजून सांगितलेलं नाही. हा ब्लॉग ती वाचत नाही, असा माझा समज आहे. पलंग सरकवताना मी आणि बाबा एका बाजूला होतो. आजी बसल्याबसल्या रस्त्याकडे बघत म्हणाली, "अगं, तो भाजीवाला हल्ली येत नाही का?"