चरणजित सिंग यांचे तीन डबे आणि आमच्या काकांचा ऑर्केस्ट्रा

बस किंवा रिक्षात असाल तर हेडफोन लावा, कारण आज गोष्ट आवाजांची आहे.

गेल्या महिन्यात मी गुलमंडीजवळ राहणाऱ्या एका काकांना मोबाईलवर एक ट्रॅक ऐकवला. काका म्हणजे बाबांचे जुने मित्र. तरुणपणी ते आपल्या शहरातल्या एका ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवायचे. लग्नं, गणपती, नवरात्र, जिथे बोलावणं येईल तिथे. ट्रॅक सुरू झाला. खाली एकसारखा ठेका, मध्ये वळवळणारा बेस आणि वर चक्क मालकंस. काका म्हणाले, "आजकालच्या पोरांचं दिसतंय. लॅपटॉपवर केलेलं."

मी म्हटलं, "काका, हे १९८२ चं आहे. मुंबईतलं."

रेकॉर्डचं नाव 'सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट'. वाजवणारे चरणजित सिंग. हे हिंदी सिनेमाच्या स्टुडिओतले वादक. गिटार, बेस, कीबोर्ड, जे सांगाल ते वाजवायचे. शंकर-जयकिशन, आर. डी. बर्मन, लक्ष्मीकांत-प्यारेलाल अशा सगळ्यांकडे त्यांनी काम केलं. 'दम मारो दम'मध्ये मागे जो गूढ सूर धरलेला ऐकू येतो, तो त्यांनी ट्रान्झिकॉर्डवर, म्हणजे विजेवर चालणाऱ्या अ‍ॅकॉर्डियनवर, वाजवलेला. गाणं सगळ्यांना पाठ, पण वाजवणाऱ्याचं नाव कुणाला माहीत नाही. स्टुडिओतल्या वादकांचं तसंच असायचं. रेकॉर्डच्या कव्हरवर संगीतकार, गीतकार आणि गायक, बस्स.

आता थोडं मागे जाऊ. मुंबईला इलेक्ट्रॉनिक वाद्यांची ओळख १९८२ मध्ये झाली असं नाही. १९५४ च्या 'नागिन'मधली ती प्रसिद्ध पुंगी आठवा. त्यात खरी पुंगी नाही! संगीत हेमंतकुमारांचं, आणि तो आवाज कल्याणजींनी क्लॅव्हिओलिनवर काढला होता. क्लॅव्हिओलिन हे व्हॉल्व्हवर चालणारं, एका वेळी एकच सूर काढणारं छोटं वाद्य. फ्रान्सच्या कॉन्स्टंट मार्टिन यांनी ते १९४७ मध्ये बनवलं. तिथून ते आपल्याकडे आलं आणि इथे नागाला डोलवू लागलं. पुढे १९७० च्या दशकात केरसी लॉर्ड यांनी मिनीमूग हा सिंथेसायझर मुंबईच्या स्टुडिओत आणला. 'रूप तेरा मस्ताना'मधलं अ‍ॅकॉर्डियन ज्यांनी वाजवलं, तेच हे केरसी लॉर्ड.

चरणजित सिंग याच परंपरेतले. त्यांनी सिंगापूरहून रोलँड या जपानी कंपनीची तीन यंत्रं आणली. ज्युपिटर-८ हा मोठा सिंथेसायझर, टीआर-८०८ हे ठेक्याचं यंत्र आणि टीबी-३०३ हा छोटासा चंदेरी डबा. टीबी म्हणजे ट्रान्झिस्टर बेस. सोबतीला बेसवाला नसलेल्या गिटारवाल्यांसाठी तो बनवला होता.

मी इंजिनीअर आहे, त्यामुळे या ३०३ ने मला वेड लावलं. खरा डबा परवडणं शक्यच नाही, म्हणून त्याची नक्कल करणारं अ‍ॅप फोनवर घेतलं. यात १६ घरं असतात. आपल्याला लगेच तीनतालाच्या १६ मात्रा आठवतात, पण इथे १६ घरं मिळून जेमतेम चार ठोके होतात. मूळ यंत्रात सूर एकदा भरायचे आणि त्यांचा वेळ वेगळा भरायचा. एक घर चुकलं की पुढचं सगळं सरकतं. ज्याने कधी दोन अ‍ॅरे जुळवलेत त्याला हे दुखणं कळेल. लोक वैतागले आणि ३०३ फारसा खपला नाही. १९८४ च्या सुमारास कंपनीने तो बंदही केला.

पण त्यात 'स्लाइड' नावाची एक सोय आहे. ती लावली की एक सूर तुटत नाही, पुढच्या सुरात घसरत जातो. मालकंसाचे पाच स्वर भरले, दोन ठिकाणी स्लाइड लावली आणि मी थांबलोच. मींडेच्या जवळ जाणारं काहीतरी त्या अ‍ॅपमधून येत होतं. जवळ जाणारं म्हणतोय, मींड नव्हे. यंत्राकडे बारा ठरलेले सूर आहेत. तोडीचा खूप खाली लागणारा गंधार त्याला सापडणार नाही. चरणजित सिंग यांना हे माहीत नसेल असं कसं म्हणणार? त्यांनी यंत्राला जमेल ते यंत्राकडून घेतलं आणि वरचा राग ज्युपिटरवर हाताने वाजवला.

रेकॉर्ड एचएमव्हीने काढली आणि ती पडली. पुढे १९८७ मध्ये शिकागोच्या 'फ्यूचर' या ग्रुपचा 'अ‍ॅसिड ट्रॅक्स' आला. त्यात तोच ३०३ होता, आणि त्यातून अ‍ॅसिड हाउस नावाचा नवा प्रकार उभा राहिला. २००२ मध्ये एडो बाऊमन या डच संग्राहकाला चरणजित सिंग यांची रेकॉर्ड दिल्लीत सापडली. २०१० मध्ये त्याने ती पुन्हा काढली तेव्हा अनेकांना वाटलं, कुणीतरी थट्टा करतंय.

तेव्हापासून आपल्याकडे एक फॉरवर्ड फिरतं: 'अ‍ॅसिड हाउसचा शोध भारतीयाने लावला.' मला हे पटत नाही. शिकागोच्या पोरांनी ही रेकॉर्ड ऐकली होती याचा काही पुरावा नाही. चरणजित सिंगही काही नवा प्रकार शोधायला बसले नव्हते. डिस्को जोरात होता, त्यावर राग वाजवून पाहू, एवढंच. मला मोठी वाटते ती दुसरी गोष्ट. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चालींत वाजवणारा माणूस तीन डबे घेऊन बसला आणि अख्खी रेकॉर्ड एकट्याने उभी केली. कव्हरवर नावही त्याचंच. जुलै २०१५ मध्ये मुंबईत ते गेले. त्याआधी युरोपातल्या तरुणांसमोर ते हे राग वाजवून आले होते.

मी हे सगळं उत्साहाने काकांना सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "एकट्याने केलं हे खरं. पण आमच्या ऑर्केस्ट्रात आम्ही आठ जण होतो. माझा कीबोर्ड आला तसा अ‍ॅकॉर्डियनवाला घरी बसला. ऑक्टोपॅड आला तसा काँगोवाला गेला. शेवटी चौघं उरलो. मला कामं मिळाली, पण त्या अ‍ॅकॉर्डियनवाल्यानेच मला सूर शिकवले होते."

मुंबईतही हेच झालं. नव्वदच्या दशकात कॉम्प्युटरवर प्रोग्रॅमिंग आलं आणि स्टुडिओतले मोठे वाद्यवृंद ओसरले. ज्या यंत्राने एकाला स्वतःचं नाव दिलं, त्याच यंत्राच्या भावंडांनी शेकडो बिननावाच्या वादकांची कामं खाल्ली. मला यात कुणी खलनायक सापडत नाही. सध्या आमच्या टीममध्ये कोड लिहिणारी टूल्स आलीत. माझं काम भराभर होतं, आणि माझ्या बाजूची खुर्ची दोन महिने रिकामी आहे. त्यामुळे काकांचं बोलणं मला जरा जास्तच लागलं.

निघताना काका म्हणाले, "तुझ्या त्या पॉडकास्टमध्ये सरदारजींचं सांग, जरूर सांग. पण अ‍ॅकॉर्डियनवाल्याचंही सांग."

सांगितलं, काका.

तर मंडळी, आज रात्री ती रेकॉर्ड लावा, मालकंसापासून सुरुवात करा. आणि तुमच्या गल्लीत कुणी जुना वादक असेल, तर त्याच्याकडे जाऊन बसा. कुणाबरोबर वाजवायचात, एवढंच विचारा. भेटू पुढच्या भागात.