अंगणातील इंजिन : भंडारा जिल्ह्याच्या संदर्भात मोटार-दुरुस्तीच्या घरगुती कौशल्याचा ऐतिहासिक विचार

प्रस्तावना

भंडारा जिल्ह्याच्या आधुनिक इतिहासात यंत्रांचा उल्लेख ठराविक ठिकाणीच येतो. तुमसर परिसरातील मँगनीजच्या खाणी, जवाहरनगरची आयुध निर्माणी, वरठीचा पोलाद कारखाना आणि राष्ट्रीय महामार्गावरील गडेगाव येथील अशोक लेलँडचा कारखाना ही ती ठिकाणे होत. यांपैकी शेवटचा कारखाना प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा आहे. १९८२ साली सुरू झालेल्या या कारखान्यात ट्रक व बससाठी लागणारे सिंक्रोमेश गिअरबॉक्स तयार होऊ लागले. म्हणजे इंजिनाची शक्ती चाकांपर्यंत नेणारा मोटारगाडीचा जो सर्वांत गुंतागुंतीचा भाग, तो याच जिल्ह्यात घडविला जात होता. त्याच काळात जुन्या गाडीचे इंजिन व गिअरबॉक्स घराच्या अंगणात खाली उतरवून पुन्हा बसविण्याचे काम छोट्या गावांतून होत होते. कारखान्याचा इतिहास कागदपत्रांतून उभा करता येतो. अंगणातील कामाची नोंद मात्र कोणी ठेवली नाही. हे काम का होत होते, ते कसे केले जात होते आणि त्याचा इतिहास लिहिणे का अवघड आहे, याचा विचार प्रस्तुत शोधनिबंधात केला आहे.

दुर्मीळतेची अर्थव्यवस्था

घरगुती दुरुस्तीचे मूळ हौसेत शोधणे युक्त ठरणार नाही. ते गाड्यांच्या तुटवड्यात आहे. जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईत मोटारींची जोडणी सुरू केली. फोर्ड कंपनीही त्याच दशकात भारतात आली होती. परंतु या कंपन्या परदेशातून आलेले सुटे भाग येथे जोडत असत, गाडी येथे घडवीत नसत. वालचंद हिराचंद यांच्या पुढाकाराने १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना झाली व कुर्ला येथे तिचा कारखाना उभा राहिला. टॅरिफ कमिशनच्या शिफारशींनुसार १९५३ मध्ये केंद्र सरकारने देशांतर्गत उत्पादनाचा कार्यक्रम असणाऱ्या कंपन्यांनाच मान्यता देण्याचे धोरण स्वीकारले. तेव्हा या दोन्ही अमेरिकी कंपन्यांनी येथील काम गुंडाळले. पुढील तीस वर्षे सामान्य ग्राहकापुढे मुख्यतः दोनच मोटारी होत्या : हिंदुस्थान मोटर्सची अँबॅसेडर आणि प्रीमियरची फियाट. फियाट ११०० या इटालियन गाडीवर आधारलेली हीच गाडी १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी या नावाने ओळखली जाऊ लागली. ग्रामीण भागात त्यांच्या जोडीला महिंद्राची जीप होती. १९५२ मध्ये सुरू झालेल्या सामुदायिक विकास कार्यक्रमानंतर विकास गटाच्या कार्यालयाबाहेरची जीप हे सरकारचेच एक रूप ठरले.

१९८० च्या सुमारास संपूर्ण देशात वर्षाला सुमारे ३० हजार मोटारी तयार होत होत्या. मागणी याहून कितीतरी अधिक होती. नाव नोंदवून वर्षानुवर्षे थांबावे लागे आणि जुन्या गाडीलाही चांगली किंमत येई. अशा स्थितीत इंजिन धूर ओकू लागले किंवा गिअर निसटू लागला म्हणून कोणी गाडी मोडीत काढत नसे. इंजिन उतरवायचे, सिलिंडर बोअर करून घ्यायचे, नवे पिस्टन-रिंग टाकायचे आणि ते पुन्हा बांधायचे, असा क्रम एकाच गाडीच्या आयुष्यात दोन-तीनदा येई. ‘इंजिन बांधणे’ हा कारागिरांचा शब्दप्रयोग येथे लक्षात घेण्याजोगा आहे. घर बांधतात तसे इंजिन बांधतात, ही त्यामागची कल्पना आहे.

इंग्रज इतिहासकार डेव्हिड एजर्टन यांनी ‘द शॉक ऑफ द ओल्ड’ (२००६) या ग्रंथात तंत्रज्ञानाचा इतिहास केवळ शोधांचा न मानता वापराचा व देखभालीचाही मानावा, असे प्रतिपादन केले. डेव्हिड अर्नोल्ड यांनी ‘एव्हरीडे टेक्नॉलॉजी’ (२०१३) मध्ये सायकल, शिवणयंत्र, टंकलेखनयंत्र व भाताची गिरणी यांच्या आधारे भारतीय आधुनिकतेचा शोध घेतला. भाताच्या गिरणीचा हा उल्लेख भंडाऱ्याच्या अभ्यासकाला थांबवून ठेवणारा आहे. भंडारा हा धानाचा व तलावांचा जिल्हा आहे. या प्रदेशात लहान इंजिनाशी माणसांचा परिचय मोटारीतून होण्याआधी भात-गिरणीतून व पाणी उपसणाऱ्या ऑइल इंजिनातून होणे अधिक संभवनीय होते. मोटारीचे मालक मोजके होते, परंतु पिस्टन, रिंग, नोझल हे शब्द शेतकऱ्याला परके नव्हते.

भौगोलिक व प्रशासकीय पार्श्वभूमी

भंडारा शहर मुख्य लोहमार्गावर नाही. त्याचे स्थानक वरठी येथे असून ते ‘भंडारा रोड’ या नावाने ओळखले जाते. त्यामुळे शहराचे दळणवळण आरंभापासून रस्त्याशी, विशेषतः नागपूर-रायपूर मार्गाशी, बांधलेले राहिले. १९५६ पर्यंत हा जिल्हा मध्य प्रदेशात, नंतर द्वैभाषिक मुंबई राज्यात व १९६० पासून महाराष्ट्रात आहे. १९९९ मध्ये त्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला. या घडामोडींचा ठसा कारागिरांच्या भाषेवरही दिसतो. पुण्या-मुंबईकडे ज्याला लेथ म्हणतात त्याला इकडे ‘खराद’ म्हणतात. शिकविणारा ‘उस्ताद’ असतो. झाडीबोली बोलणारा शिकाऊ मुलगा कामावर मात्र हिंदी मिसळतो.

विदर्भातील सरकारी प्रवासी वाहतूक सेवा १९६१ मध्ये महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळात विलीन झाली. एस.टी.चे आगार, १९५० च्या कारागीर प्रशिक्षण योजनेतून पसरलेल्या औद्योगिक प्रशिक्षण संस्था आणि महामार्गावरील गॅरेज ही हे कौशल्य मिळविण्याची प्रमुख स्थाने होत. पहिल्या दोन ठिकाणी हजेरीपट असतो, तिसऱ्या ठिकाणी नसतो.

भंडारा पितळी भांड्यांसाठी प्रसिद्ध आहे. म्हणून येथील मोटार-कारागिरीचे नाते कासारांच्या परंपरेशी जोडण्याचा मोह होतो. परंतु तो आवरला पाहिजे. भांडे घडविणारा हात धातूला आकार देतो, तर इंजिन बसविणाऱ्या हाताला आधीच घडलेले, केसभर फरकही न खपणारे भाग एकमेकांत नेमके घालायचे असतात. दोन्ही कौशल्ये धातूची असली तरी त्यांची जात वेगळी आहे. पुराव्याशिवाय त्यांची वंशावळ जोडणे इतिहासाला धरून होणार नाही.

कामाचे स्वरूप

या कामाचे स्वरूप तपशिलाने पाहणे आवश्यक आहे, कारण ज्ञान त्या तपशिलातच आहे. पद्मिनीचे इंजिन १०८९ घनसेंटिमीटरचे, चार सिलिंडरचे, गाडीच्या लांबीत उभे बसविलेले होते. त्यामागे क्लच, त्यामागे चार गिअरचा बॉक्स, तेथून प्रोपेलर शाफ्टने मागच्या चाकांना गती, अशी तिची रचना होती. अँबॅसेडर व जीपची मांडणीही मूलतः हीच. बॉनेट व रेडिएटर काढले की इंजिन वरून उचलता येई. त्यासाठी चेनकप्पी लागे. ती टांगण्यास कडुनिंबाची जाड फांदी, घराची सागवानी तुळई किंवा तीन बल्ल्यांची तिकाटी वापरली जाई. हे वजन चार माणसांनी उचलण्याजोगे असले तरी हव्या त्या उंचीवर, हव्या त्या कोनात स्थिर धरण्याजोगे नसते. काढण्यापेक्षा बसविणे अवघड असण्याचे कारण हेच होय.

खरी कसोटी क्लचपाशी लागते. क्लचची तबकडी फ्लायव्हील व प्रेशर प्लेट यांच्यामध्ये दाबून बसविलेली असते. गिअरबॉक्सचा पुढे आलेला शाफ्ट तिच्या मधल्या खाचांतून जाऊन क्रँकच्या टोकाशी असलेल्या बेअरिंगमध्ये शिरला पाहिजे. तबकडी किंचित जरी सरकलेली असली तरी तो शिरत नाही. म्हणून प्रेशर प्लेटचे बोल्ट आवळण्यापूर्वी एखादा जुना, निकामी शाफ्ट किंवा त्याच मापाचा खरादावर उतरवलेला लाकडी दांडा आत घालून तबकडी मध्यावर आणतात. नंतर गाडी गिअरमध्ये ठेवून खाचा जुळेपर्यंत एक जण क्रँकची पुली थोडी थोडी फिरवतो, दुसरा इंजिन हलकेच मागे रेटतो. दोन्ही घरांच्या कडा सर्व बाजूंनी सारख्या अंतरावर आल्या पाहिजेत. उरलेली फट बोल्ट आवळून मिटविण्याची घाई केली तर घराचा कान तुटतो किंवा तबकडी वाकते. इंजिनाचा अथवा गिअरबॉक्सचा भार त्या शाफ्टवर लोंबू देणे हाही तसाच घातक प्रकार. कोठे थांबावे हे कोणत्याही पुस्तकापेक्षा हाताला आधी कळते.

त्यानंतर माउंटिंगचे रबर, अर्थची तार, पाण्याच्या नळ्या, अ‍ॅक्सिलरेटरची जोडणी, सेल्फ व डायनॅमो ही कामे येतात. अर्थची तार विसरल्यास सेल्फ फिरत नाही आणि सगळा दोष नव्या बांधणीवर येतो. तेल भरल्यावर प्लग काढून इंजिन हँडलने फिरवितात, म्हणजे तेल वर चढते व काही अडत असल्यास हाताला जाणवते. डिस्ट्रिब्युटर पहिल्या सिलिंडरच्या ठोक्यावर लावला की मग चावी. या सर्व वेळी बॅटरीचा उजेड धरणारी घरातील स्त्री, रॉकेलच्या टोपल्यात नट-बोल्ट धुणारी मुले आणि दोर धरणारे शेजारी हे या श्रमाचे भागीदार असतात. त्यांना कोणी कारागीर म्हणत नाही.

गडेगावसारख्या कारखान्यातील जोडणीशी याची तुलना बोधक आहे. तेथे नवा भाग नव्या भागात बसतो आणि मापे ठरलेली असतात. अंगणात झिजलेला भाग झिजलेल्या भागात बसवायचा असतो. बोल्टचे आटे गेलेले असतात, भोक किंचित लांबट झालेले असते, मूळ भागाऐवजी बाजारातला ‘लोकल’ भाग हाती असतो. कारखान्याचे ज्ञान नेमकेपणाचे आहे, तर अंगणातील ज्ञान नेमकेपणा नसताना काम चालविण्याचे आहे. दुसऱ्याला ‘जुगाड’ म्हणून हसण्यावारी नेण्याची प्रथा रूढ झाली असली तरी ती अन्यायकारक आहे. क्लच मध्यावर आणण्याच्या कामात जुगाडाला वाव नसतो.

दस्तऐवजांचे मौन

आर. व्ही. रसेल यांनी संपादित केलेले १९०८ चे जिल्हा गॅझेटिअर मोटारयुगाच्या उंबरठ्यावरचे आहे. १९७९ च्या सुधारित गॅझेटिअरमध्ये दळणवळणाचा विचार आहे, परंतु घरी होणाऱ्या दुरुस्तीला अशा ग्रंथरचनेत स्वतंत्र जागा नसते. परिवहन कार्यालयाच्या नोंदी अधिक आशादायक वाटतात. नोंदणी पुस्तकात चेसिस क्रमांक व इंजिन क्रमांक दोन्ही असतात आणि इंजिन बदलल्यास ते नोंदवावे लागते. पण येथे एक विलक्षण पेच आहे. तेच इंजिन उतरवून, बांधून पुन्हा बसविले तर क्रमांक बदलत नाही. म्हणजे काम जितके यशस्वी, तितका त्याचा दस्तऐवजी माग कमी. अपयशच तेवढे कागदावर येते.

बदललेले तंत्र, बदललेला कायदा

डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० बाजारात आली. ७९६ घनसेंटिमीटरचे तीन सिलिंडरचे इंजिन आडवे, डिफरन्शियल गिअरबॉक्समध्येच, गती पुढच्या चाकांना, असा तिचा घाट होता. प्रोपेलर शाफ्ट गेला, त्याच्या जागी दोन बाजूंचे ड्राइव्ह शाफ्ट आले. इंजिन हलके झाले, मात्र हात घालायची जागा कमी झाली. अंगणातील काम त्यामुळे थांबले नाही, परंतु जुन्या उस्तादांना नव्याने शिकावे लागले. पद्मिनीचे उत्पादन या शतकाच्या आरंभी थांबले. मारुती ८०० चे जानेवारी २०१४ मध्ये व अँबॅसेडरचे त्याच वर्षी मे महिन्यात थांबले. दरम्यान कार्ब्युरेटर जाऊन इलेक्ट्रॉनिक नियंत्रण आले. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज-६ मानकांनंतरच्या गाडीत इंजिन यांत्रिकदृष्ट्या अचूक बसविले, तरी एखाद्या सेन्सरची जोडणी सुटली असता ते चालत नाही, आणि दोष शोधण्यास पान्यापेक्षा स्कॅनर लागतो.

कायद्याचे वळणही पाहण्याजोगे आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांसाठी असते व नंतर ती ५-५ वर्षांसाठी नव्याने करावी लागते. ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्र सरकारने जुनी वाहने स्वेच्छेने मोडीत काढण्याचे धोरण जाहीर केले. त्यापाठोपाठ १ एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरील मोटारीच्या पुनर्नोंदणीचे शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाले. प्रदूषण व सुरक्षितता यांच्या दृष्टीने या धोरणामागील युक्तिवाद दुर्बल नाही. पण त्यात गाडीच्या वयाला जे स्थान आहे, ते तिच्या बांधणीला नाही. काल बांधलेले इंजिन आणि पंधरा वर्षे न उघडलेले इंजिन यांना शुल्क सारखेच पडते.

ज्यांनी १९७० च्या दशकात गॅरेजात पाने पुसण्यापासून सुरुवात केली, ते कारागीर आज सत्तरीच्या आसपास आहेत. भंडारा, तुमसर, साकोली, पवनी येथील अशा व्यक्तींच्या मुलाखती ध्वनिमुद्रित करणे जिल्ह्यातील महाविद्यालयांच्या इतिहास विभागांना सहज शक्य आहे. प्रश्न मात्र योग्य असावे लागतील. ‘तुमचे योगदान काय’ या प्रश्नाला असा कारागीर उत्तर देणार नाही. शाफ्ट शिरत नसेल तर पहिल्यांदा काय तपासता, हे विचारल्यास तो तासभर बोलेल.